कारवार घोषणेत आहे, समुद्र कुठे आहे?

बेळगावात समुद्रावर भांडायला माणसं जमतात, हेच मुळात गमतीचं. सर्वांत जवळची वाळू घाटाखाली, शंभरेक किलोमीटरवर. तरी गेल्या महिन्यात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंचवीसेक माणसं जमली होती आणि विषय होता सागरी संवर्धन. पहिल्या दहा मिनिटांतच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, मच्छीमारांनीच समुद्र ओरबाडला, आता सरकारनं अभयारण्यं जाहीर करून त्यांना बाहेर ठेवावं. ‘लोकसहभाग’ वगैरे भाबडेपणा आहे. दुसऱ्या तटाला पूर्वजांचा पुळका. नारळी पौर्णिमा हाच म्हणे जगातला पहिला मासेमारीबंदी कायदा, शास्त्रज्ञांनी येऊन आमच्याकडून शिकावं. मग मागच्या रांगेतल्या एका तरुणानं मोबाइलवर मालवणच्या समुद्रातल्या परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरांचा, म्हणजे तळाशी जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींचा, व्हिडिओ लावला आणि ‘बघा, कर्नाटकवाले आमचे मासे पळवतायत’ असं म्हणाला. तिथून पुढं चर्चा कुठं गेली असेल हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. आभारप्रदर्शनापर्यंत आम्ही सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालावर पोचलो होतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही तट ज्या प्रश्नावर भांडत होते तो दुय्यम आहे. कोळ्याचं ज्ञान खरं की शास्त्रज्ञाचं, हे ठरवत बसलो तर रात्र सरेल. दोघांचंही काही बरोबर आहे, काही चुकतं, आणि शहाण्या कोळ्याला आणि शहाण्या शास्त्रज्ञाला ते ठाऊकही असतं. खरा प्रश्न वेगळा आहे. किनाऱ्याच्या एखाद्या पट्ट्यात कुठलं जाळं चालेल, कुठल्या महिन्यात होड्या वर ओढून ठेवायच्या, कुठल्या खडकाकडं कुणी फिरकायचं नाही, हे ठरताना ज्यांच्या ताटातलं कमी होणार आहे त्यांना मत आहे की नाही? निवेदन द्यायची मुभा म्हणजे मत नव्हे. ‘नाही’ म्हटल्यावर समोरच्याला थांबावं लागतं, ते मत. पारंपरिक ज्ञानाचं तोंड भरून कौतुक करायचं आणि निर्णयाच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत आहे. अशा बिनअधिकाराच्या ज्ञानाची दोन पिढ्यांत लोककला होते. पर्यटन महोत्सवात सादर करायला बरी पडते.

बेळगावकरानं यात तोंड का घालावं? कारण ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा आमच्याकडं पोराला बाराखडीच्या आधी येते, आणि तिच्यातला दुसरा शब्द कारवार आहे. इतकी वर्षं तो शब्द घसा फोडून ओरडताना आपल्या डोळ्यांपुढं नकाशा असतो. त्या किनाऱ्यावरची खारवी, गाबीत, हरिकंत्र, आंबिग ही माणसं नसतात. १९८६ साली कारवारजवळ नौदलाच्या ‘सीबर्ड’ तळाची पायाभरणी झाली. १३ गावांतली ४ हजारांवर कुटुंबं त्यासाठी उठली. २०२० च्या जानेवारीत कारवार बंदराच्या विस्ताराविरुद्ध तिथले मच्छीमार रस्त्यावर उतरले. त्या दोन्ही वेळी बेळगावात किती सभा झाल्या? मला एकही आठवत नाही, आणि मी सभांना जाणारा माणूस आहे. आपल्याला कारवार हवं होतं, कारवारचा समुद्र नको होता. त्याआधीच्या पिढ्यांचं नातं तरी मिठाचं आणि पोटाचं होतं. वेंगुर्ला हे एके काळी बेळगावचंच बंदर. आंबोलीच्या घाटानं माल वर यायचा. शनिवारच्या बाजारात सुक्या बांगड्याचा आणि सुकटीचा वास अजून त्या रस्त्याची आठवण काढतो.

तर हे ‘ज्ञान’ म्हणतात ते असतं तरी काय? मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाबरोबर, म्हणजे होडीच्या म्होरक्याबरोबर, एक सकाळ बसलो होतो. रापण लागायची होती. रापण म्हणजे एक टोक किनाऱ्यावर ठेवून, होडीनं अर्धवर्तुळ मारत समुद्रात सोडलेलं आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी दोर धरून वाळूवर ओढून आणायचं लांबलचक जाळं. म्हातारा डोळ्यांवर हात आडवा धरून बसला होता. मला नुसतं पाणी दिसत होतं. ‘पाणी बघू नको, पाण्याचो रंग बघ,’ एवढंच तो म्हणाला. मग मलाही दिसलं; म्हणजे त्यानं बोट दाखवल्यावर दिसल्यासारखं वाटलं. मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडं वाहणारा, वारा पडत आला होता, तो पुरता पडायच्या आत होडी सुटली पाहिजे, हे त्यानं ज्या सहजतेनं सांगितलं त्या सहजतेनं आपण शेवटची बस कितीची आहे ते सांगतो. भरतीचं गणितही त्याच्या बोटांवर होतं. तिथीची पाऊणपट करायची: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा. ढोबळ आहे, गावागावांत थोडा फरक पडतो, पण कॅलेंडरवर तिथी छापलेली असली की पुरे. जाळं वाळूवर आलं तेव्हा दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. मी पण पाचेक मिनिटं लटकलो होतो, माझ्या पुढ्यातही त्यांनी सहा बांगडे टाकले. घेताना लाज वाटली, पण घेतले.

हे सगळं लोभस आहे. लोभस आहे म्हणून ते संवर्धन ठरत नाही, आणि इथं पहिल्या तटाचा सर्वांत जोरकस मुद्दा येतो. तो त्या खोलीत कुणी धड मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. आषाढात होड्या वर ओढून ठेवल्या त्या माशांची पिल्लावळ वाढावी म्हणून नव्हे. शिडाच्या होडीनं त्या लाटांत जाणार कोण? हेतू मासे वाचवण्याचा नव्हता, जीव वाचवण्याचा होता. जाळी सुताची आणि तागाची होती, बर्फ नव्हता, घाटावर ताजा मासा पोचत नव्हता, तोंडं कमी होती. ज्याच्या हातात ओरबाडायचं साधनच नव्हतं त्यानं ओरबाडलं नाही, यात शहाणपण ते काय? असा संयम इंजिन आलं की एका मोसमात गळून पडतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो तसा पडलाही.

मला हे मान्य आहे. पण याच मापानं खानापूरकडच्या देवराया मोजा. तिथली झाडं जैवविविधतेच्या अभ्यासानं उभी राहिली नाहीत, देवाच्या धाकानं राहिली. धाक गेला तिथं कुऱ्हाड आली हे खरं. पण जिथं गावानं ‘आता धाक नाही, तरी राई ठेवू’ असं ठरवलं तिथं ती राहिली. सवयीचं नियमात रूपांतर होतं ते अशा क्षणी. समुद्रावर हा क्षण कधी आला, हे इतिहासात नोंदलेलं आहे. गोव्यात सरकारी मदतीनं ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळचा तळ खरवडायला लागले, तेव्हा सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरले ते रापणकार. माथानी साल्ढाणांसारखे नेते त्या लढ्यातून आले. त्यांची मागणी काय होती? किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद करा आणि पावसाळ्यात मासेमारी थांबवा. केरळात पावसाळी ट्रॉलबंदी १९८८ मध्ये लागू झाली ती पारंपरिक मच्छीमारांच्या उपोषणा-मोर्चांनंतर. गोवा आणि केरळात १९८०, महाराष्ट्रात १९८१, कर्नाटकात १९८६, असे सागरी मासेमारीचे कायदे लागोपाठ झाले. या कायद्यांचा पहिला मसुदा कुणी लिहिला असेल तो असो, त्यामागचा रेटा किनाऱ्यावरचा होता. ज्यांना आपण ‘त्यांना बाहेर ठेवा’ म्हणतो, कायदा मागणारे तेच होते.

आणि नारळी पौर्णिमेचंच घ्या. पश्चिम किनाऱ्यावर सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. नारळी पौर्णिमा जवळजवळ नेहमीच त्यानंतर येते. २०२३ मध्ये अधिक मासामुळं ती ३० ऑगस्टला आली. म्हणजे कायदा उघडला त्यानंतर परंपरा महिनाभर बंदच होती. लवकर जाळं टाकायची घाई कुणाला असते? ज्याच्या डोक्यावर मोठ्या इंजिनाचं कर्ज आहे त्याला. नारळ सोडल्याशिवाय आजही होडी न लोटणारा माणूस जिवाच्या भीतीनं थांबलेला नाही. त्याच्याकडंही आता यामाहा इंजिन आहे. तो थांबतो, कारण थांबण्याची किंमत आणि न थांबण्याची किंमत या दोन्ही त्याला ठाऊक आहेत. हेतूचा आक्षेप आजोबांना लागू पडतो. नातवाला नाही.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे. ट्रॉलरवाला कोण आहे? तोही मच्छीमारच. एलईडीचे झगझगीत दिवे लावून रात्री मासळी गोळा करणारा, पर्ससीन जाळ्यानं अख्खा थवा एका फासात आवळणारा, हा काही परग्रहावरून आलेला नाही. कासवाची अंडी उकरून बाजारात विकणारे किनाऱ्यावरचेच होते. आणि उत्तर कोकणात कवींवरून, म्हणजे डोलीची जाळी बांधायला समुद्रात रोवलेल्या खुंटांच्या रांगांवरून, वसईकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडताहेत; दोन्हीकडं परंपरा, दोन्हीकडं पिढीजात हक्क. मग कुठल्या ‘समाजा’च्या हाती समुद्र द्यायचा?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर ‘म्हणून कुणाच्याच हाती नको’ असं कसं निघतं? शेतकऱ्यांमध्ये बांधावरून कोर्टकज्जे होतात, म्हणून आपण ग्रामपंचायत बरखास्त करत नाही. उलट भांडण असतं म्हणूनच ती लागते. ‘समाज’ एकजिनसी नाही हे पारंपरिक ज्ञानाच्या भाटांनीही एकदा मान्य करावं. रापणीत दोर ओढणारा, ट्रॉलरचा मालक, त्या ट्रॉलरवर रोजंदारीनं जाणारा खलाशी आणि टोपली डोक्यावर घेणारी बाई, या चौघांचा समुद्र एक नाही. मात्र मोठ्या बोटी आपोआप आल्या नाहीत, हेही विसरू नये. पन्नाशीच्या दशकातल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पापासून यांत्रिकीकरणाला कर्ज, अनुदान, डिझेलवर सूट हे सगळं सरकारनं दिलं, आणि त्या वेळचे तज्ज्ञ त्याला प्रगती म्हणत होते. सत्तरीच्या अखेरीस पर्ससीन कर्नाटकच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथली रापण बघता बघता वाळूवर वाळत पडली. चाळीस वर्षं एका बाजूच्या तागडीत पैसे टाकायचे आणि नंतर म्हणायचं, ‘बघा, हे लोक आपसांतच भांडतात.’ महाराष्ट्रात डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं आली. सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच मोसम आणि परवाने टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायचे, असं ठरलं. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्रानं एलईडी मासेमारी बंद केली. कागद चोख आहेत. पण रात्री दोन वाजता समुद्रात दिवे दिसले तर ते आधी कुणाला दिसतात? गस्तीनौका मोजक्या. दिसतात ते छोट्या होडीवाल्याला, आणि त्याच्या हातात काय आहे? फोन.

आता विज्ञान. दुसऱ्या तटाला हे आवडणार नाही, पण समुद्र आजोबांच्या वेळचा राहिलेला नाही. पाणी तापतंय, मे महिन्यात तौक्तेसारखं वादळ किनारा झोडपून जातं, तारली एका वर्षी मुबलक आणि पुढच्या वर्षी गायब. पापलेट किती लांबीला पहिल्यांदा अंडी धरतं, हे नुसत्या अनुभवानं मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही. त्यासाठी हजारो मासे चिरून बघावे लागतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले, त्यात पापलेट १३५ मिलिमीटर. हा आकडा प्रयोगशाळेचा आहे आणि तो हवाच. फक्त विज्ञानाच्या हाती एकट्यानं सुकाणू दिलं की काय होतं, याचंही एक उदाहरण जगानं बघितलंय. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा. ऐंशीच्या दशकात सरकारी शास्त्रज्ञांचे अंदाज सांगत होते की साठा वाढतोय. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासे धरणारे ओरडत होते की जाळ्यात येणारा मासा लहान होत चाललाय, कमी होत चाललाय. त्यांचं ओरडणं ‘किस्से’ म्हणून बाजूला टाकलं गेलं. मोठ्या ट्रॉलरांची पकड बघून केलेले अंदाज खोटे ठरले, कारण शिल्लक मासा जिथं गोळा होत होता नेमका तिथंच ट्रॉलर जात होता. जुलै १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली, तीसेक हजार माणसांचं काम गेलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं कॉड परतला नाही. तिथल्या कोळ्यांना माशाचं जीवशास्त्र शास्त्रज्ञांपेक्षा जास्त कळत होतं का? बहुधा नाही. त्यांना एक गोष्ट दिसत होती, आणि ती ज्या टेबलावर मोजली जायची तिथं त्यांना खुर्ची नव्हती. एवढंच.

आपल्या किनाऱ्यावर खुर्ची न दिल्याचं आणि दिल्याचं, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणं हाताशी आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं. २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ३ चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती. प्रवाळ आहेत, जागा अनमोल आहे, हेतूबद्दल शंका नाही. पण मालवणच्या मच्छीमाराच्या दृष्टीनं तो त्याच्या अंगणात कुणीतरी बाहेरून आणून टाकलेला दगड होता. विरोध झाला, तो पिढीभर मुरला, आणि अभयारण्य बरंचसं कागदावर राहिलं. आता वेळास बघा. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं ऑलिव्ह रिडले कासवांचं काम गावकऱ्यांना हाताशी धरून सुरू केलं. जी माणसं वाळूवरच्या खुणा बघून घरटं कुठं असेल ते ओळखून अंडी काढायची, तीच खुणा बघून अंडी कुंपणात आणून जपायला लागली. कौशल्य तेच होतं, काम बदललं. पुढं कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरायला लागले, दोन पैसे आले. मालवणला एकही प्रवाळतज्ज्ञ कमी नव्हता. कमी होती ती एक संध्याकाळ, समाजमंदिरात बसून ‘हे करायचं का?’ असं विचारण्याची.

जाळ्याचंही तसंच. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना आहे: कासव, देवमासा, डॉल्फिन असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि तो सोडवायला मच्छीमारानं जाळं कापलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. त्याआधी गुजरातेत बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, २००१ मध्ये कायद्याच्या सर्वोच्च संरक्षणात आला. पण कोळी स्वतःचं जाळं फाडून तो सोडायला लागले ते रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला ‘व्हाली’, माहेरी येणारी लाडकी लेक, म्हटल्यावर आणि फाटलेल्या जाळ्याचे पैसे मिळायला लागल्यावर. नुकसान कुणाचं होतंय हे आधी कबूल केलं, म्हणून पुढचं जमलं.

‘सहभाग’ या शब्दापासून मात्र सावध राहावं. आमच्या तालुक्यात काही वर्षांपूर्वी एका खात्याची ‘जनसहभाग बैठक’ होती. मी गेलो होतो. सूचनापत्र फक्त कन्नडमध्ये, आणि खोलीत बसलेल्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ते वाचता येत नव्हतं. नकाशा भिंतीवर लावला होता, पण त्यावर गावांची नावं नव्हती, क्रमांक होते. चहा आला, वही फिरली, सगळ्यांनी हजेरी म्हणून सह्या, अंगठे केले. पुढं कळलं की तीच वही संमती म्हणून जोडली गेली. माझीही सही आहे तिच्यात. किनाऱ्यावर याच नाटकाचा दुसरा प्रयोग चालतो: अहवाल इंग्रजीत, नकाशात मासेमारीच्या वसाहती पुसट, हरकती द्यायला मुदत मोजक्या दिवसांची. १९५६ साली कुठलं गाव कुठल्या राज्यात जावं हे ठरलं तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही, हे दुःख आपण तीन पिढ्या उगाळतोय. मग हेच दुःख दुसऱ्याच्या वाट्याला आलं की आपल्याला ते ओळखू येऊ नये?

त्यासाठी समुद्रापर्यंतही जायला नको. खानापूरच्या जंगलातलं भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटर. आत गवाळी, पास्टोली, कोंगळा, तळेवाडी, आमगाव अशी गावं. तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाई देऊन बाहेर हलवायला २०२५ मध्ये सुरुवात झाली. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, त्यात काही चूक नाही. पावसाळ्यात आजारी बाईला खांद्यावरून मैलोन्‌मैल आणावं लागतं, तिथं कोण हौसेनं राहील? पण आधी रस्ता नाकारायचा, मग विचारायचं, ‘इथं राहायचंय का?’ या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच भरलेलं असतं. तरी जंगलातल्या माणसाकडं २००६ चा वनहक्क कायदा आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये त्याच कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढं आपला बांबू आपण विकून दाखवला. त्या कायद्यात जंगलातल्या ओढ्या-तळ्यांतल्या माशांवरही गावाचा हक्क लिहिलेला आहे. समुद्रावरच्या माणसासाठी असा कायदा नाही. ओढ्यातल्या मळ्या माशावर हक्क आणि समुद्रातल्या बांगड्यावर फक्त परवाना! पारंपरिक ज्ञानाचे गोडवे गाणाऱ्या कुठल्याही व्यासपीठावरून ही एक मागणी मी ऐकलेली नाही. समुद्रावरच्या गावाला सामूहिक हक्क, आणि मासेमारी सल्लागार समितीवर निवडून आलेल्या छोट्या मच्छीमारांना, मासळी विकणाऱ्या बायकांना धरून, मत. सल्ला नको, मत.

राहिला तो व्हिडिओ. कर्नाटकातल्या मलपीकडचे ट्रॉलर मालवणच्या पाण्यात येतात हे खरं आहे, आणि ते थांबलं पाहिजे. पण मालवणच्या रापणकाराला रत्नागिरीकडच्या पर्ससीननं कमी गांजलेलं नाही, आणि ती बोट अस्सल मराठी असते. उलट कारवार-होन्नावरचा छोटा मच्छीमार त्याच ट्रॉलरांनी तितकाच पिचलेला आहे, आणि तो कोकणी बोलतो की कन्नड, यानं त्याच्या जाळ्यात येणाऱ्या माशांत फरक पडत नाही. समुद्रातली सीमा दोन राज्यांमधून कमी आणि दोन इंजिनांमधून जास्त जाते. त्या तरुणाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, तुम्ही विषय भरकटवताय की.’

विषय भरकटवायचाच, तर कणकुंबीपर्यंत न्यावा. मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरातला कळसा नाला पश्चिमेला म्हादईत जातो आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. हे पश्चिमेचं पाणी पूर्वेला वळवावं यासाठीची आंदोलनं आपण जवळून पाहिली आहेत. म्हादई पाणीतंटा लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं बरंचसं वीजनिर्मितीसाठी. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी नको, असं मी म्हणत नाही. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या घराची तहान खोटी नसते. पण या सगळ्या वादात एक वाक्य दोन्ही भाषांतल्या पुढाऱ्यांच्या तोंडी सारखंच असतं: ‘समुद्रात वाया जाणारं पाणी’. वाया? खाडीच्या तोंडाशी गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथं कोळंबी वाढते, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि कालवं होतात, खाजणातला भात पिकतो. ते पाणी किती, कधी आणि कुठल्या महिन्यात आलं पाहिजे, हे मांडवीच्या तोंडाशी तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला ठाऊक असतं. आम्हा उगमाकडच्या माणसांनी तिला कधी विचारलेलं नाही. ती तरी आम्हाला का विचारेल?

त्या चर्चेनंतरच्या रविवारी कॅम्पातल्या मासळी मार्केटात गेलो. नेहमीची मावशी होती. टोपलीत पापलेट, तळहातात मावतील एवढी. खिशात मोजपट्टी नव्हती, पण १३५ मिलिमीटर म्हणजे साधारण माझ्या मनगटापासून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत, हे मी घरी मोजून गेलो होतो. हात आडवा धरून बघितला. मासे एक पेर कमी भरत होते. म्हटलं, ‘मावशी, ही अजून अंड्यावर यायची आहेत. एवढी बारकी कशाला आणता?’ तिनं मान वर केली नाही. कोयत्यानं दुसऱ्या कुणाचा बांगडा साफ करत म्हणाली, ‘ताटात चार दिसायला पायजेत म्हणून तुमीच मागतासा की. मोठं आणलो तर कोण घेतंय?’ मागं उभ्या गिऱ्हाईकानं माझ्या खांद्यावरून हात घालून त्याच टोपलीतली चार उचलली.